कोट एकच होता

३ फेब्रुवारी, सोमवार

सत्तावीस नंबरचं लेबल मी लिहिणार नाही. सव्वीसपर्यंत झाली. अठ्ठावीसपासून पुढची उद्या सुरू करते. सत्तावीस — नाही!

अभिलेखागाराने काम दिलं तेव्हा खुशीत घेतलं होतं. साठ लेबलं, प्रत्येक चाळीस शब्दांचं, एक मार्चला उद्घाटन. बेचाळीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात गेली, त्यापुढे हे म्हणजे डाव्या हातचा मळ. शिवाय प्रदर्शन आमच्याच लोकांचं. समुद्रापलीकडून इथल्या धुलाई कारखान्यात कामाला आलेल्यांचं. आपल्या माणसांवर आपणच लिहावं, परक्याने कशाला, असा थोडा तोराही होता.

आज सत्तावीसचा लिफाफा आला. आत चाळीस फोटोंच्या झेरॉक्स. चाळीस बायका, कामाच्या परवान्यासाठी बसवून गुडघ्यांपर्यंत काढलेल्या. सगळ्यांच्या अंगात रुंद कॉलरचा गडद गरम कोट. सोबत अभिलेखागाराच्या कचेरीची टीप — 'कारखान्याने स्त्री कामगारांना पुरवलेल्या हिवाळी गणवेशात.'

यातली एकोणिसावी माझी आजी. वडिलांची आई. हा फोटो काढला त्याच हिवाळ्यात ती गेली. कारखान्यात दिवसभर वाफेत, आणि पाळी सुटली की त्याच ओल्या पातळ कपड्यांनी बर्फातून घरी. पहिल्या हिवाळ्यात अशा सात जणी गेल्या. आमच्या घरी हे कुणी कुणाला सांगत नाही, कारण सगळ्यांना ठाऊकच असतं.

गरम कोट होता, तर मग थंडीने कशा मेल्या?

५ फेब्रुवारी, बुधवार

आत्याकडे गेले. वडिलांची धाकटी बहीण. अठ्ठ्याऐंशी पूर्ण. कान गेलेत, जीभ शाबूत. झेरॉक्स तिच्यापुढे टेबलावर मांडल्या. भिंग घेऊन एकेक पाहत गेली. बारा-तेरा झाल्यावर हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली.

"अगं, हा कोट एकच आहे! चाळीस जणी, एक कोट!"

मग सांगितलं. मध्ये पाणी प्यायली, पुन्हा सांगितलं. नोंदणी कचेरीचा नियम होता — अंगावर गरम कोट नसेल ती बाई हिवाळ्याला अपात्र. अपात्र म्हणजे परतीची बोट. कोट कुणाकडेच नव्हता. त्यांच्यात एक शिवणारी होती. तिने रुग्णालयातून धुवायला आलेल्या आणि बाद ठरलेल्या दोन घोंगड्यांचा एक कोट शिवला, काळा रंगवला. फोटोच्या दिवशी रांग पुढच्या दाराने आत. फोटो झाला की मागच्या दाराने बाहेर, बाहेर पडून कोट काढायचा, मोरीच्या खिडकीतून पुन्हा आत द्यायचा. आतली घालणार, बटणं लावणार, फोटोवाल्यापुढे बसणार. आत्या तेव्हा नऊ वर्षांची, आईचं बोट धरून त्याच रांगेत.

"आणि फोटोवाल्याला कळलं नाही?"

"त्याला आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो. चेहरे ओळखू येत नव्हते त्याला, कोट काय ओळखणार!"

"सगळ्यांचे कोट सारखे असतीलच की, गणवेश म्हटल्यावर," मी मुद्दामच म्हटलं. कचेरीत हेच म्हणणार होते.

"तिसरं बटण बघ."

कोटाला चार बटणं. तीन काळी. वरून तिसरं पांढरं. काळी तीनच मिळाली होती. मी पेन्सिल घेऊन मोजत गेले. चाळीसपैकी चाळीस. उंच बाईच्या अंगात बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, बुटकीच्या अंगात बोटं झाकून खाली. आजीला मात्र अगदी मापात बसला होता.

"नंतर आळीपाळीने घालायच्या तो," आत्या म्हणाली. "आईची पाळी शनिवारी होती. गुरुवारी ताप चढला."

फोटो गोळा करताना म्हणाली, "लिही आता." एवढंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अभिलेखागार. काचेच्या खिडकीपलीकडचा साहाय्यक अभिलेखपाल. पन्नाशीचा, स्वच्छ, बोलायला अतिशय सभ्य. माझ्यासाठी खुर्ची स्वतः पुसली. भाचीने त्याचं नाव 'परिशिष्ट' ठेवलंय, कारण काहीही विचारा, तो कुठल्यातरी परिशिष्टाकडे बोट दाखवतो.

"मॅडम, तोंडी माहितीची सोय परिशिष्ट 'क'मध्ये आहे. भिंतीवर जायचं तर त्या काळचा लिखित पुरावा लागतो."

"हे बटण दिसतंय तुम्हाला?"

"दिसतंय."

"चाळीस ठिकाणी?"

"मोजली नाहीत मी. पण बटण म्हणजे लेख नव्हे, मॅडम."

"आणि गणवेश दिला होता, याला तुमच्याकडे काय आहे?"

"छापील संदर्भ आहे."

"कसला?"

"काढून कळवतो. दोन-तीन दिवस लागतील."

छापलेलं आहे म्हणजे खरं आहे! मी बेचाळीस वर्षं छापखान्यात काढली. छापलेलं कसं होतं ते मला नका सांगू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अठ्ठावीस ते एकोणचाळीस दिली. वेळेत. राग आला म्हणून काम अडवायची सवय लावून घेतली नाही, आता कुठे लावू.

१० फेब्रुवारी, सोमवार

भाची भलतीच पेटली आहे. बहिणीची मुलगी, चित्रं काढते, पस्तिशीची झाली तरी घराला रंगाचा वास. तिच्या वडिलांच्या आईचाही फोटो या चाळिसांत आहे, बत्तिसावा.

तिने फोटोंच्या मोठ्या प्रती मागितल्या. कचेरी म्हणाली, देतो, पण मंजूर मजकुरासकटच छापायच्या, असं लिहून द्या. म्हणजे 'गणवेश' या शब्दासकट. हिने फॉर्म तिथेच ठेवला आणि वाचनकक्षात जाऊन बसली. तिथला नियम — शाई नाही, कॅमेरा नाही, पेन्सिल चालेल.

"पेन्सिल चालते ना? मग झालं तर," म्हणाली.

चार दिवस जाते आहे. मूळ फोटो पेटीतून एकेक मागवते, फूटपट्टीने शेजारी माप घेते आणि पारदर्शक कागदावर फक्त कोट काढते. चेहरा नाही. हात नाही. कॉलर, शिवण, चुण्या, बटणं. पेटी उघडून देणाऱ्या बाईने विचारलं म्हणे, "चेहरे का सोडता?" ही म्हणाली, "ते तुमच्या कचेरीने सोडलेत. मी तेवढे तसेच ठेवले."

आज संध्याकाळी बावीस कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावून दाखवले. प्रत्येक बाईच्या अंगात कोट वेगळा पडलाय, त्यामुळे कडा थरथरल्यासारख्या दिसतात. पण बटणं बरोब्बर एका रेषेत. तीन काळीकुट्ट, आणि तिसऱ्या जागी उजेड.



११ फेब्रुवारी, मंगळवार

संदर्भ आला. 'धुलाई कारखाना : सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, पान एकतीस. लेखक : अज्ञात.'

अज्ञात नाही. मी.

त्रेचाळीस वर्षं झाली. मी तेवीस वर्षांची, नोकरीचं पहिलं वर्ष. कारखान्याला शंभर पानी स्मरणिका हवी होती, संपादकांनी मला उसनी दिली. बारा दिवस. नाव छापायचं नाही असं आधीच ठरलेलं. परिशिष्टाने पान एकतीसची नक्कल जोडली आहे. 'दूरदेशीच्या या लेकींना कारखान्याने पहिल्याच हिवाळ्यात मायेच्या हाताने उबदार कोट चढवला.' मायेच्या हाताने!  वाक्य माझंच आहे. विशेषणं पेरायची माझी तेव्हाची खोड लगेच ओळखू आली.

आठवायचा प्रयत्न केला. प्रसिद्धी खात्याचा एक माणूस होता, त्याने टिपणांची फाईल दिली. मी टिपणांची वाक्यं केली. दुसरीकडे कुठे विचारायला वेळच नव्हता. बारा दिवसांत शंभर पानं!

आपल्याच आजीला खोटा कोट चढवला मी. एका वाक्यात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भाचीला सांगितलं.

"मावशी, तू?"

"मी."

"म्हणजे अख्खं सरकारी दप्तर तुझ्या एका वाक्यावर उभं आहे?"

"वाक्य बरं जमलं होतं," मी म्हटलं.

"म्हणूनच तर!" ओरडली. मग दोघी हसलो, आणि हसणं कुठे थांबवावं ते कळेना.

आत्याला सांगणं अवघड गेलं. कानाशी जाऊन मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे शेजारच्या घरातही कळलं असणार. तिने ऐकून घेतलं. 'हं' म्हणाली. मग म्हणाली, "चहा टाक. साखर बेताची घाल, तुझा हात सैल आहे."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आमच्या लोकांच्या मंडळाची बैठक. शाळेचा हॉल, लहान मुलांच्या खुर्च्या, गुडघे हनुवटीला. मी उभं राहून सगळं सांगितलं. कोट, बटण, स्मरणिका, मी. वाटलं होतं, माझ्यावर तुटून पडतील. झालं वेगळंच.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. तिच्या घरी दिवाणखान्यात पान एकतीस चौकटीत लावलंय म्हणे. "आमच्या आजीची तिथल्या लोकांनी कदर केली होती, असं मी पोरांना सांगत आले. आता काय सांगू? कुणी विचारलंसुद्धा नव्हतं म्हणून?" बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. आणखी तीन घरांत ते पान लावलेलं आहे. मला माहीत नव्हतं. माझं इतकं वाचलेलं दुसरं काहीच नसेल.

मग अध्यक्ष बोलले. निवृत्त पोस्टमास्तर, प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखं बोलतात. "भावना बाजूला ठेवू. परवाना मिळाला कोटावर. नागरिकत्व मिळालं परवान्यावर. आपण सगळे उभे आहोत त्या नागरिकत्वावर. आणि तुम्ही भिंतीवर लिहायला निघालात की आमच्या आज्यांनी सरकारला फसवलं. उद्या कुणी म्हणालं, काढा यांचे कागद बाहेर — मग?"

 भीती खोटी नव्हती. हल्ली लोकांचे कागद कसे उलगडून बघतात ते आम्हाला वर्तमानपत्र वाचून कळावं लागत नाही.

आत्या पुढच्या रांगेत. "काय म्हणतोय तो?" मी कानात सांगितलं. ती खुर्चीत बसूनच बोलली.

"फसवलं. हो, फसवलं! नियम कुणी केला? ज्यांच्याकडे कोट होते त्यांनी. बायकांनी काय करायचं होतं? आणि एवढी लाज वाटत असेल तर तू परत जा बाबा बोटीने. तुझ्या आजीला जायला लागलं असतं तर तू जन्मला कुठे असतास, सांग बघू!"

पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही. अध्यक्षही हसले, नाइलाजाने. पण मुद्दा सोडला नाही. "काकू, मी घाबरलोय ते माझ्यासाठी नाही. नातवासाठी."

"मग त्याला सांग, त्याची खापरपणजी किती हुशार होती."

हात वर करून मोजलं. कोट एकच होता असं उघड म्हणायचं — एकतीस. नाही — सहा. अध्यक्षांनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, कानाशी नेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सहीचं निवेदन घेऊन गेले. 'सदर स्मरणिकेतील मजकूर मी लिहिला असून तो चुकीचा आहे.' परिशिष्टाने दोनदा वाचलं.

"हे आजच्या तारखेचं आहे, मॅडम."

"मी आजच्या तारखेलाच जिवंत आहे."

"म्हणजे तेही तोंडी माहितीतच धरावं लागेल. लेखकाने स्वतःचा मजकूर मागे घेण्याची तरतूद नियमावलीत नाही." खरंच पानं उलटून बघितलं त्याने. "त्या वर्षीची तुमची काही टिपणं?"

"टिपणं रद्दीत जातात. बातमीदार ठेवत नाही."

मी खोटं लिहिलं तेव्हा पुरावा मागितला नाही कुणी. खरं सांगायला निघाले तर पुरावा!

सत्तावीस नंबर आता कचेरी स्वतःच लिहिणार. श्रेयनामावलीतून माझं नाव काढलं जाईल असं वरून कळवलंय. काढा. बिननावाचं लिहायची सवय आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भाचीच्या घरी कोट शिवणं चालू. चाळीस चित्रांवरून माप काढलं. कागदी नमुना कापला, घोंगड्या आणल्या. बाजारातल्या सगळ्या मऊ आणि गुबगुबीत. आत्याने बोटांनी चाचपून नाकारल्या. "ही पांघरायची. ती टोचायची." शेवटी एका जुन्या बाजारात जाड, खरखरीत मिळाली. आत्याने गालाला लावून पाहिली. "हं. हीच."

मला काज करायला बसवलं. तीन वेळा उसवायला लावलं. "लिहितेस बरं, पण शिवण वाकडी."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कचेरीने लेबल लावलं. चोरून बघून आले.

'कारखान्याने पहिल्याच हिवाळ्यात पुरवलेल्या उबदार कोटात स्त्री कामगार.'

माझंच वाक्य. 'मायेच्या हाताने' तेवढं कापलंय. संपादन चांगलं आहे, कबूल करते. विशेषण काढलं की खोटं जास्त खरं वाटतं — हे मीच कितीतरी नवशिक्यांना शिकवलं असेल.

१ मार्च, शनिवार

सकाळपासूनचं सगळं आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच त्याची बातमी करून टाकीन.

दारावर पाटी — 'प्रदर्शन कक्षात भाषणे, घोषणा व फलक यांना मनाई.' आम्ही पाटी वाचली आणि रांग लावली. रांगेला मनाई नव्हती.

चाळीसपैकी चौतीस घरांतून कोणी ना कोणी आलं. मुली, सुना, नाती, चार नातू. पुढच्या दाराने आत जायचं, सत्तावीस नंबरपुढे कोट चढवायचा, बटणं लावायची आणि तीनच गोष्टी सांगायच्या. आजीचं नाव, तिची उंची, आणि कोट तिला कुठे तोकडा किंवा लांब होत होता. मग मागच्या दाराने बाहेर, कोट काढून बाहेरूनच रांगेतल्या पुढच्या माणसाकडे.

रखवालदार धावत आला. "बाई, ही रांग कसली?"

"कोटाची," भाची म्हणाली.

तो विचारात पडला. रांग शिस्तीत होती, कुणी ओरडत नव्हतं. शेवटी म्हणाला, "मधली वाट मोकळी ठेवा." दहाव्या-बाराव्या माणसानंतर बघते तर मागच्या दाराशी तोच उभा. बाहेर पडणाऱ्याच्या खांद्यावरून कोट अलगद उतरवून पुढे देत होता.

पहिली आत्या. तिने आजीचं नाव सांगितलं. "उंची — माझ्यापेक्षा एक वीत जास्त. कोट मापात होता. पण शनिवारचा होता." बाकी कुणाला कळलं नसेल. मला कळलं, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

चौकट लावणारी बाई आली. मला वाटलं नव्हतं येईल. ठणठणीत आवाजात आजीचं नाव सांगितलं, आणि मग, "बाह्या बोटांवर येत होत्या. म्हणून तिने हात मांडीखाली लपवले. नीट बघा, फोटोत हात दिसत नाहीत!" सगळे फोटोवर वाकले. खरंच हात नाहीत. ऐंशी वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

गोंधळ एकच झाला. उद्घाटनाचे पाहुणे, कोणी बडे साहेब, आत जायची रांग हीच समजून एका घरच्या सुनेमागे निमूट उभे राहिले. कोट हातात आला तसा घातला. फोटोग्राफर खूश! मग साहेबांना कळेना, म्हणायचं काय. "माझी आजी... यांच्यात नाही," म्हणाले.

आत्या खुर्चीवरून म्हणाली, "मग काढा लवकर. पुढचीला थंडी वाजतेय."

अध्यक्ष सगळ्यात शेवटी. कोट पोटावर बसेना, बटण एकही लागेना. तसेच उभे राहिले, शिक्का मारल्यासारखे. आजीचं नाव. पाच फूट दोन इंच. "तिच्या अंगात सैल होता. तीन महिने पोटभर मिळालं नव्हतं, म्हणून."

भाचीने प्रत्येक घराला आपापल्या आजीचा पेन्सिलीचा कागद दिला होता. बाहेर पडताना ज्याने त्याने तो मागच्या दाराच्या काचेवर आधीच्या कागदांवर चिकटवला. अध्यक्षांचा लागला तेव्हा चौतीस झाले. सहा घरांचं कुणी उरलेलंच नाही, त्यांचे कागद आत्याने लावले. चाळीस. आत सरकारी दिव्याखाली लेबल, इकडे काचेवर कोट.

परिशिष्ट खांबाशी वही घेऊन उभा होता. सगळं लिहून घेत होता. नावं, उंच्या, बाह्या.

२ मार्च, रविवार

पाय सुजलेत. दिवसभर फोन. शहरातल्या एकाही वर्तमानपत्राने 'गणवेश' हा शब्द वापरला नाही!

४ मार्च, मंगळवार

लेबल तसंच राहणार. वरून निर्णय आला. शनिवारच्या प्रकाराची 'नोंद घेतली' आहे, काचेवरचे कागद सन्मानपूर्वक काढून मंडळाकडे पाठवतील, पण छापील संदर्भ छापील राहतो. प्रदर्शन इथून पुढे अकरा शहरांत जाणार. अकरा भिंतींवर माझं वाक्य.

परिशिष्टाने स्वतः फोन केला. हे सांगायला त्याला बरं वाटत नव्हतं, ते ऐकू येत होतं.

"मॅडम, शनिवारची चौतीस निवेदनं मी परिशिष्ट 'क'मध्ये घेतली आहेत. शब्दन् शब्द. पण लेबल हलवायला मला एकच कागद लागतो. स्मरणिकेच्या वेळचा, तारखेचा. टिपणं नाहीत म्हणालात. पत्र? रोजनिशी?"

"रोजनिशीत काय असतं हो. सर्दी आणि भाजीचे भाव."

"तरी बघा," म्हणाला.

जुन्या वह्या मी उघडत नाही. लिहून झालं की संपलं. पण आत्याला कळवलं तेव्हा ती भिंग पुसत बसली. तिचं वय अठ्ठ्याऐंशी. नियमावलीला वाट बघायला वेळ आहे.

७ मार्च, शुक्रवार

माळ्यावरची ट्रंक उतरवली. त्या वर्षीची वही सापडली. १४ ऑक्टोबर. जसंच्या तसं उतरवते —

'स्मरणिका पूर्ण! पान ३१ वर आत्याची हकीकत घेतली होती. कोट एकच होता, चाळीस जणींत फिरवला, आणि आजी त्याच थंडीत गेली. प्रसिद्धीवाले म्हणाले, हे नको, आमच्या टिपणाचं वाक्य करून घाला. घातलं. सहा ओळी कमी झाल्या. पान छान बसलं.'

सांगितलं होतं तिने. मी विचारलं होतं, तिने सांगितलं होतं, मी लिहिलंही होतं. आणि कापलं.

आत्याकडे गेले. वाचून दाखवायला लागले तर तिने हाताने थांबवलं. "ठाऊक आहे मला. तुला आठवतंय का, तेवढंच बघत होते."

दुपारी वही अभिलेखागाराच्या खिडकीवर दिली. परिशिष्टाने तारीख पाहिली, उठून उभा राहिला, शिक्का मारला. मग हळूच विचारलं, "मॅडम, खाजगी मजकूर असेल. तेवढं पान ठेवून बाकीचं झाकू का? शेवटची दोन-तीन वाक्यं तरी?"

"नाही," म्हटलं. "एक ओळही कापायची नाही."